रत्तलामागे पाव आणा

कंपनी कायदा शिकवताना पहिल्या तासाला मी कलमं काढत नाही. मुंबईच्या एका कापड गिरणीचा शंभरावर वर्षं जुना अहवाल वर्गात फिरवतो. खर्चाच्या बाजूला पगार, कोळसा, विमा आणि त्यांच्याच रांगेत ‘एजंटांचं कमिशन’. तळाशी तोटा, भागधारकांना लाभांश नाही. मुलं विचारतात, ‘सर, तोट्यात कमिशन कसलं?’

१८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि प्रघात पडला : भांडवल लोकांचं, कारभार एजंट पेढीचा. अनेक गिरण्यांत कमिशन ठरे वजनावर, रत्तलामागे पाव आणा. चौसष्ट रत्तल सुतामागे एजंटाचा रुपया पक्का, मग ते सूत नफ्यात विको की तोट्यात. त्यामुळे मंदीतही चात्या चालू ठेवण्यात पेढीचं हित होतं, भागधारकाचं नव्हे. आणि या कराराला मंजुरी देणारं संचालक मंडळ? ते बहुधा एजंटाच्याच माणसांचं. देणाराही तोच, घेणाराही तोच. कायद्याने पुढे जे जे केलं, ते या गाठीवरचे घाव आहेत.

पहिला मोठा घाव १९३६ चा : कराराची मुदत वीस वर्षांवर आली, मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला गेला, एजंटाला कंपनीतून कर्ज घेणं बंद झालं. पण पळवाटा उरल्याच. स्वातंत्र्यानंतर भाभा समितीने सगळ्याची छाननी केली आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नवा कायदा संसदेतून पार पाडला. १ एप्रिल १९५६ ला तो अमलात आला, कलमं ६५८. एजंटाला जास्तीत जास्त दहा कंपन्या, निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांवर मोबदला नाही, मंडळावर त्याचे दोनहून अधिक संचालक नाहीत. अल्पमतातल्या भागधारकांवर अन्याय झाला तर त्यांना न्यायालयाचं दार उघडं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्राला तो राजीनामा पाठ आहे, हा कायदा मात्र विसरला गेला, याची मला फार खंत आहे.

३ एप्रिल १९७० रोजी एजंट पेढ्यांची ही पद्धतच रद्द झाली. घराण्यांची पकड मात्र सुटली नाही; ती करारातून निघून भागांमध्ये शिरली. एका कंपनीचे भाग दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे, आणि उद्योगसमूहाची सूत्रं त्याच घरात. जुनी गाठ नव्या जागी बसली.

तिच्यावर नेमका घाव बसला तो २०१३ च्या कायद्यात, कलम १८८ मध्ये. संबंधित पक्षाशी, म्हणजे संचालक, त्यांचे नातलग किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्या यांच्याशी, ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहारासाठी भागधारकांचा विशेष ठराव हवा आणि त्यावर त्या संबंधित भागधारकाला मत नाही. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, विशेष ठरावाऐवजी साधा ठराव पुरेसा ठरवला गेला. तीन चतुर्थांशाची अट निम्म्यावर आली. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही.