जुन्या मोटारीचा चेहरा आणि नवे कांटे

ज्या फळीला आपण मोटारीचा डॅशबोर्ड म्हणतों ती मूळची मोटारीची नव्हे, ती घोडागाडीची. विलायतेंत घोडागाडीच्या पुढच्या अंगाला लांकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी बसवीत. धांवत्या घोड्यांच्या टापांनीं उडालेला चिखल हांकणाराच्या अंगावर येऊं नये, एवढेंच तिचें काम. तिच्यावर कांटा नव्हता कीं तबकडी नव्हती. कारण हांकणाराला त्यांची गरजच नव्हती. घोडा दमला म्हणजे त्याच्या तोंडाला फेंस येई; तहानला म्हणजे तो हौदाकडे मान वळवी; खुरांत खडा रुतला म्हणजे लंगडे. सारें डोळ्यांसमोर घडे. पुढें घोडा गेला आणि त्याच्या जागीं पत्र्याच्या झांकणाखालीं इंजिन आलें. त्यालाहि तहान लागते, ताप येतो, त्याच्या अंगांतलें तेल आटतें. पण तें मुकें. ह्या मुक्या जनावराला वाचा देण्याचा उद्योग सव्वाशे वर्षें चालला आहे. त्याच उद्योगाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ती सांगण्यास कारणहि आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची मोटार जपून ठेवणाऱ्या शौकिनांमध्यें एक वाद नेहमीं चालतो. मूळच्या डॅशबोर्डावर जें नव्हतें तें उष्णतेचें किंवा तेलाच्या दाबाचें मापक आज बसवावें कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, कारखान्यांतून गाडी जशी आली तशीच ती राहिली पाहिजे. एक कांटा जरी अधिक लावला तरी ती बाटली. दुसरा पक्ष म्हणतो, कांटा नसल्यामुळें इंजिन जळालें तर तुमचें तें सोंवळें काय कामाचें? दोन्ही पक्ष इतिहासाची शपथ घेतात. तेव्हां इतिहासाचीच साक्ष काढूं.

पहिली साक्ष फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीची. १९०८ पासून १९२७ पर्यंत ह्या गाड्या दीड कोटींच्या वर निघाल्या आणि अमेरिकेंतील शेतकरी मोटारींत बसूं लागला तो हिच्यामुळें. पण ह्या गाडीच्या मालकाला इंजिनाची प्रकृति कळावी अशी सोय फारच थोडी होती. पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल किती आहे हें पाहावयाचें तर खालीं उतरून, गादी उचलून, टांकींत काठी बुडवावी आणि ती कोठवर ओली झाली तें पाहावें. तेल पाहावयाचें तर गाडीखालीं वांकून दोन लहान तोट्यांपैकीं एक फिरवावी. वरच्या तोटींतून तेल आलें तर ठीक, खालचींतूनहि न आलें तर धडगत नाहीं. इंजिनाकडे पेट्रोल जाई तें केवळ उतारानें; म्हणून टांकी अर्धीमुर्धी असतां उभा चढ आला तर लोक गाडी फिरवून उलटी चढवीत. विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय १९१९ सालीं ह्या गाडीला मिळाली, तेव्हां तिच्याबरोबर विजेची आवकजावक दाखविणारा एक अॅमीटर आला. बराच काळ कारखान्याचा तेवढाच एक कांटा!

मग लोकांनीं काय केलें? त्यांनीं बाजाराची वाट धरली. १९१२ च्या सुमारास न्यूयॉर्क येथून ‘बॉइस मोटोमीटर’ नांवाचें एक उपकरण निघालें. रेडिएटरचें टोपण काढून त्याच्या जागीं हें दुसरें टोपण बसवावयाचें. त्याच्या माथ्यावर वाटोळ्या चौकटींत कांचेची नळी असे. रेडिएटरमधील पाण्यावरची वाफ जसजशी तापे तसतसा नळींतला तांबडा रस वर चढे, आणि हांकणारा आपल्या जागेवरून, बॉनेटच्या पलीकडे नजर टाकून, तो पाही. ह्यांत एक मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. बाजारांतून आणून लावलेलें हें मापक डॅशबोर्डावर आलेंच नाहीं. तें गाडीच्या नाकावर बसलें. त्यासाठीं डॅशबोर्डाला भोंक पाडावें लागलें नाहीं. जुनें टोपण घरीं ठेवावें आणि मनांत येईल तेव्हां परत लावावें. पाहतां पाहतां तें गाडीचें भूषण होऊन बसलें. आणि आज त्या काळच्या गाडीवर मोटोमीटर नसला तर पाहणारालाच चुकल्यासारखें वाटतें. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं जें उपरें होतें, तेंच आज मूळचें म्हणून मिरवीत आहे.

मापकें नाकावरून डॅशबोर्डावर आलीं तेव्हां एक नवा प्रश्न उभा राहिला. इंजिनाची वार्ता फळीपर्यंत आणावयाची कशी? तबकडी म्हणजे नुसता चेहरा. तिच्या मागें कोणती ना कोणती नस लागते. वेगमापकाची नस म्हणजे फिरणारी दोरी. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यानें १९०२ सालीं ज्या वेगमापकाचें पेटंट घेतलें त्यांत गाडीच्या गतीबरोबर एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोंवतीं अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाहीं, पण फिरतां फिरतां तिच्यांत वीज उत्पन्न करतो आणि तिला आपल्यामागें ओढूं पाहतो. बारीक कमान तिला आवरून धरते. आणि ह्या ओढाताणींतून कांटा हलतो. तेलाच्या दाबाची नस म्हणजे तांब्याची बारीक नळी. पॅरिसच्या युजेन बुर्दों यानें १८४९ सालीं वाफेच्या यंत्रांसाठीं जी युक्ति काढली तीच येथें उपयोगी पडली. चपटी वांकडी नळी आंतल्या दाबानें सरळ होऊं पाहते आणि कांट्याला ढकलते. अर्थात् इंजिनांतलें ऊन तेल ह्या नळीनें थेट हांकणाराच्या गुडघ्यांपर्यंत येतें! पाण्याच्या उष्णतेची नस त्याहून नाजूक. तिच्या एका टोंकाला ईथर भरलेला फुगा, दुसऱ्या टोंकाला तबकडी, आणि मध्यें केसासारखें छिद्र असलेली अखंड नळी. ही लांब झाली म्हणून कापतां येत नाहीं. कापली कीं ईथर उडून जातें आणि यंत्राचा प्राणहि. उरलेल्या नळीचें वेटोळें करूनच ठेवावें लागतें. अॅमीटरची नस म्हणजे विजेची जाड तार. स्टार्टरखेरीज गाडीची बहुतेक वीज तिच्यांतून वाहते. पेंच जरा ढिला राहिला तर तार तापते, आणि प्रसंगीं डॅशबोर्डामागें आग लागते. म्हणून आज जाणते लोक त्याच्या जागीं व्होल्टमीटर पसंत करतात. त्यांतून विजेचा अगदीं अल्प अंशच जातो.

ह्यानंतर इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. जीं मापकें मिळविण्यासाठीं लोकांनीं पदरचे पैसे खर्चले, तीं कारखान्यांनीं गाडीबरोबर दिलीं खरीं, पण कांहीं वर्षांनीं पुन्हां काढूनहि घेतलीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हडसन कंपनीनें तेलाच्या दाबाचा आणि विजेचा कांटा काढून तेथें तांबडे दिवे बसविले, आणि पुढें तीच रीत सर्वत्र पसरली. दिवा स्वस्त पडतो आणि तो वाचावा लागत नाहीं. परंतु कांटा आणि दिवा ह्यांत वैद्य आणि घंटा वाजविणारा ह्यांच्याइतका फरक आहे. तेलाचा दाब महिन्यामागून महिना थोडाथोडा उतरत असेल तर कांटा तें आधींच सांगतो. दिवा मात्र दाब जवळजवळ नाहींसा होईपर्यंत गप्प असतो. तो पेटला कीं समजावें, सांगावयाची वेळ टळून गेली.

मॉरिस मायनर ही गाडी ह्याचें उत्तम उदाहरण. ती १९४८ सालीं इंग्लंडांत निघाली आणि आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ ह्या नांवानें रस्त्यावर आली. इंग्लंडांत १९५४ पासून तिच्या डॅशबोर्डाच्या मधोमध एकच मोठी तबकडी बसूं लागली. वेग तींतच, पेट्रोलचा कांटा तींतच, आणि बाकी सारा दिव्यांचा कारभार. पाण्याच्या उष्णतेचें नांव नाहीं. जर्मनीच्या फोक्सवॅगनला तर १९६१ पर्यंत पेट्रोलचाहि कांटा नव्हता. गाडी आचके देऊं लागली कीं पायाजवळची खिट्टी फिरवून राखीव पेट्रोल सोडावयाचें. इंग्लंडच्या थंडींत उष्णतेच्या मापकावांचून चालत असेल. पण बोरघाटांत किंवा कसाऱ्याच्या घाटांत, वैशाखाच्या दुपारीं, रस्त्याच्या कडेला वाफ ओकीत उभ्या असलेल्या गाड्या आणि डबा घेऊन पाणी शोधणारे त्यांचे मालक ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्या एका कांट्याची किंमत वेगळी सांगावयास नको.

तेव्हां ग्राहक पुन्हां बाजारांत गेला. इंग्लंडांत स्मिथ्स, जर्मनींत व्हीडीओ, अमेरिकेंत स्टुअर्ट-वॉर्नर ह्यांचीं सुटीं मापकें घरोघरीं गेलीं. त्यांचा व्यास बहुधा ५२ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित् अधिक. शर्यतीचे शौकीन अमेरिकन तरुण शिकागोच्या सन कंपनीचें फेरेमापक पट्ट्यानें स्टिअरिंगच्या दांड्यालाच आवळीत. भोंक नाहीं, खिळा नाहीं. पण सर्वच इतके विचारी नव्हते. कितीएकांनीं करवत घेतली आणि डॅशबोर्डाच्या पत्र्याला दोन दोन इंचांचीं भोंकें पाडलीं. कांटे पुढें बिघडले आणि गेले. भोंकें मात्र राहिलीं.

करवतीइतकीच घातक दुसरी गोष्ट म्हणजे अज्ञान. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचें धन टोंक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असे. आज ऋण टोंक जोडतात. हें न पाहतां ट्रान्झिस्टरचें फेरेमापक जोडलें तर तें जागच्या जागीं मरतें. कांहीं गाड्यांची वीज ६ व्होल्टांची, कांहींची १२ व्होल्टांची. आणि १९६० नंतरच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरी १२ व्होल्टांची असूनहि मापकांना सुमारें १० व्होल्टच पोंचविणारें एक नियंत्रक असतें. त्याच तारेवर १२ व्होल्टांचें नवें मापक लावलें कीं तें जन्मभर कमीच दाखवीत राहतें.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतों. त्यांनीं आपल्या जुन्या गाडीला पेट्रोलचा नवा कांटा एका बाजारांतून आणला आणि टांकींत तरंगणारा फ्लोट दुसऱ्या बाजारांतून. ह्या दोघांची एक ठराविक भाषा असते. एका जातीच्या फ्लोटाचा विद्युत्‌-विरोध टांकी रिकामी असतां १० ओहम आणि भरली असतां १८० ओहम. दुसऱ्या जातीचा रिकामी असतां २४० आणि भरली असतां ३३. गृहस्थांच्या गाडींत कांटा पहिल्या भाषेचा आणि फ्लोट दुसऱ्या भाषेचा! त्यांनीं टांकी तोंडोतोंड भरली. कांटा तळाजवळ रेंगाळला. नवा आहे, घट्ट असेल, असें म्हणून ते साताऱ्याकडे निघाले. वाटेंत कांटा हळूहळू वर चढूं लागला आणि गृहस्थांना समाधान वाटलें. खंबाटकीच्या घाटाच्या पायथ्याशीं गाडी थांबली तेव्हां कांटा ‘पूर्ण’ ह्या खुणेच्याहि पलीकडे गेला होता, आणि टांकींत थेंब नव्हता. मुक्याला वाचा द्यावी, पण ती खोटें बोलणारी नसावी, एवढा बोध त्यांनीं त्या रात्रीं तेथें बसून घेतला.

आतां वादाचा निकाल. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें, म्हणजे ‘फीवा’नें, १९६४ सालच्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर एक सनद केली. व्हेनिसची सनद प्राचीन इमारतींच्या जतनासाठीं; ही २०१३ च्या आरंभीं कायम झालेली ट्युरिनची सनद जुन्या वाहनांसाठीं. तिचें एक तत्त्व मला फार शहाणपणाचें वाटतें. वाहन चालूं ठेवण्यासाठीं बदल करावा लागला तर तो डोळ्यांत न भरणारा असावा, तो मागें घेतां यावा, आणि काढलेले मूळचे भाग वाहनाबरोबर जपून ठेवावे. हें तत्त्व मान्य केलें तर दोन्ही पक्षांचा मान राहतो. मापक अवश्य बसवावें. पण डॅशबोर्डाखालीं मूळच्याच एखाद्या पेंचाला पट्टी अडकवून, किंवा सामानाच्या खणांत, किंवा रेडिओसाठीं कारखान्यानेंच सोडलेल्या जागीं. फारच झालें तर जुन्या तबकडीच्या मागचें यंत्र बदलावें, चेहरा तोच ठेवावा, आणि काढलेलें यंत्र चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावें. तारा नव्या ओढाव्या, पण जुन्या तारा तोडूं नयेत. एकच गोष्ट करूं नये, आणि ती म्हणजे पत्र्याला भोंक. रंग उतरतो, तार निघते, पेंच फिरतो. कापलेला पत्रा मात्र पूर्ववत् होत नाहीं.

इतिहासाची साक्ष पहिल्या पक्षाच्या बाजूनें नाहीं. कारण मालकानें कांटा आणून लावावा ही चाल मोटारीच्या बाल्यापासूनची आहे. ती दुसऱ्याहि पक्षाच्या बाजूनें नाहीं. कारण मोटोमीटर लावणारानें जुनें टोपण फेंकून दिलें नव्हतें. जुनी वस्तु आपल्या हातीं येते ती आपल्यानंतरच्या कोणाच्या तरी हातीं जाण्यासाठीं. तिला आपण जें देऊं तें त्या पुढच्या माणसाला नको असेल तर काढून ठेवतां यावें, आणि जें काढूं तें त्याला हवें असेल तर परत लावतां यावें, एवढें पथ्य पाळलें म्हणजे पुरे. मग घाट चढतांना खुशाल त्या नव्या कांट्याकडे पाहावें, आणि तो फार वर गेलेला दिसला तर पूर्वीं घोड्याला देत त्याप्रमाणें गाडीलाहि झाडाखालीं थोडी विश्रांति द्यावी.