नियम हरवलेले खेळ

प्राचीन इजिप्तचा धडा शिकवताना पिरॅमिड, ममी आणि नाईल नदी या तीन गोष्टी हमखास येतात. मुलांची समजूत मग अशी होते, की हे लोक आयुष्यभर मरणाचीच तयारी करत असावेत. या समजुतीचे कारण साधे आहे. इजिप्तमधली राहती घरे कच्च्या विटांची होती. नाईलकाठच्या ओल्या जमिनीत त्यांतली बहुतेक विरून गेली. थडगी मात्र वाळवंटाच्या कडेला, पुष्कळदा खडकात खोदलेली. कोरड्या हवेत ती टिकली. म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेला पुरावाच मुळी थडग्यांमधला आहे. गंमत अशी, की या थडग्यांच्या भिंतींवरची माणसे जगण्यातच अधिक गुंतलेली दिसतात. ती नांगरतात, मासे पकडतात, कुस्ती खेळतात, चेंडू झेलतात आणि पट मांडून बसतात.

ते काय काय खेळत, याची यादी देणे अवघड नाही. या लेखात आपण थोडा वेगळा प्रश्न घेऊ. तीन-चार हजार वर्षांपूर्वीची माणसे कशी खेळत, हे आपल्याला कळते तरी कसे? आणि कितपत कळते?

तीस घरांचा पट

सुरुवात 'सेनेत' या खेळापासून करू. सक्कारा येथे हेसी-रे नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. ते इ. स. पू. २६५०च्या सुमाराचे. त्याच्या भिंतीवर घरातल्या सामानाबरोबर खेळांचे पटही रंगवलेले आहेत. त्यांतला एक सेनेतचा: दहा-दहा घरांच्या तीन ओळी, एकूण तीस घरे. त्यानंतर सुमारे १४०० वर्षांनी, दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिच्या थडग्यात हाच खेळ पुन्हा भेटतो. राणी पटासमोर बसली आहे, पण समोर कोणीच नाही. आणि १९२२ साली हॉवर्ड कार्टरने तुतानखामेनचे थडगे उघडले तेव्हा तिथे प्रत्यक्ष पटच मिळाले. त्यांतला सर्वांत देखणा पट आबनूस आणि हस्तिदंताचा असून त्याच्या बैठकीला सिंहाचे पाय आहेत. सोंगट्या, दान टाकायच्या काड्या आणि प्राण्याच्या घोट्याची हाडेही मिळाली. काड्यांप्रमाणेच ही हाडेही फाशांसारखी वापरत.

इतका भरभक्कम पुरावा असल्यावर खेळाचे नियम माहीत असायला हवेत. पण ते माहीत नाहीत! इजिप्शियन लोकांनी पिकांचे हिशेब लिहून ठेवले, औषधांचे काढे लिहून ठेवले; सेनेतचे नियम लिहिलेला एकही कागद अजून सापडलेला नाही. याचे फार नवल वाटायला नको. लगोरीचे नियम आपण तरी कुठे वाचून शिकलो? जे सगळ्यांना येते ते कोणी लिहून ठेवत नाही. सर्वांत परिचित गोष्टीच इतिहासातून सर्वांत सहज निसटतात, त्या अशा.

मग अभ्यासक काय करतात? पट नीट निरखतात. उत्तरकाळातल्या पटांवर शेवटच्या पाच घरांत खुणा आहेत. सव्विसाव्या घरात 'चांगले' या अर्थाची खूण, सत्ताविसाव्यात पाणी, त्यापुढच्या दोन घरांत तीन आणि दोन अशा संख्या दाखवणाऱ्या खुणा, आणि तिसाव्यात सूर्यदेव. या खुणांच्या क्रमावरून सोंगटी पहिल्या ओळीत एका दिशेने, दुसरीत उलट आणि तिसरीत पुन्हा पहिल्या दिशेने, अशी नागमोडी जात असावी असे अनुमान निघते. 'सेनेत' या शब्दाचा अर्थ 'पार जाणे' असा आहे. तेव्हा सगळ्या सोंगट्या आधी पार नेणारा जिंकत असणार, हेही पटण्याजोगे. पाण्याच्या घरात पडलेली सोंगटी बुडत असावी, असेही वाटते. पण ती बुडाली की मागे कुठे जाई? दुसऱ्याची सोंगटी मारता येई की नुसती जागांची अदलाबदल होई? इथे पुरावा संपतो. १९७८ साली टिमोथी केंडल यांनी खेळाचे नियम जुळवून मांडले, आर. सी. बेल यांनी त्याहून वेगळे मांडले. दोन्ही नियमांनी खेळ छान रंगतो. पण खेळ रंगतो एवढ्यावरून तो तसाच खेळला जात होता, हे सिद्ध होत नाही. दुकानात मिळणाऱ्या सेनेतच्या खोक्यावर 'फॅरोंच्या काळचे अस्सल नियम' असे छापलेले दिसले, तर ही गोष्ट आठवावी.

दान टाकायच्या काड्यांबद्दल मात्र आपण अधिक खात्रीने बोलू शकतो, कारण तिथे गणित मदतीला येते. काडीची एक बाजू चपटी, दुसरी गोलसर. समजा चार काड्या टाकल्या आणि प्रत्येक काडीच्या दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली. मग एकूण १६ प्रकारे काड्या पडू शकतात. त्यांत एकही चपटी बाजू वर नाही असे १ वेळा, एक चपटी ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा आणि चारही चपट्या १ वेळा. मधले दान वारंवार आणि टोकाची दाने क्वचित पडणार. आपल्याकडे चिंचोके मधोमध फोडून असेच दान टाकतात. वर्गात फोडलेले चार चिंचोके शंभर वेळा टाकून नोंद करावी. नोंद १:४:६:४:१ या प्रमाणाजवळ आली नाही, तर अधिकच चांगले. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी असते, हे आपण कशावरून गृहीत धरले, असा प्रश्न मुलेच विचारतील.

दगडाचे वय आणि रेघेचे वय

आता पुराव्याने चकवल्याचे एक उदाहरण पाहू. श्रीलंकेत पाटबंधारे खात्यात काम केलेले हेन्री पार्कर यांनी १९०९ साली एका पुस्तकात इजिप्तमधल्या कुर्ना येथील मंदिराची माहिती दिली. मंदिराच्या छतावरच्या दगडांवर खेळांच्या आकृत्या कोरलेल्या होत्या. आपण जिला नवकंकरी म्हणतो त्या खेळाची आकृतीही त्यांत होती. पार्कर यांनी मंदिराच्या बांधकामाचा काळ धरून या आकृत्यांना इ. स. पू. १४००च्या आसपासचे ठरवले. तेव्हापासून 'नवकंकरी साडेतीन हजार वर्षे जुनी' हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिले.

यात दोन अडचणी आहेत. हे मंदिर पहिल्या सेती राजाचे आहे आणि तो इ. स. पू. १३००नंतर गादीवर आला. ही शतकभराची चूक झाली. दुसरी अडचण मोठी आहे. त्याच छतावर कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचे क्रूसही कोरलेले आहेत. म्हणजे मंदिर बांधल्यानंतर तेराशेहून अधिक वर्षांनीही माणसे त्या छतावर बसून दगड कोरत होती! मग खेळाच्या आकृत्या कोणी कोरल्या? बांधकामावरच्या मजुरांनी, की कितीतरी शतकांनंतर तिथे विसावलेल्या कोणी? दगड जुना आहे म्हणून त्यावरची रेघही तितकीच जुनी, असे म्हणता येत नाही. शाळेच्या जुन्या बाकावर कोरलेली नावे बाकाइतकीच जुनी असतात का? मुले याचे उत्तर ताबडतोब देतील.

भिंतीवरची कुस्ती

मैदानी खेळांकडे वळलो की बेनी हसनला जावेच लागते. नाईलच्या पूर्व काठावरच्या या टेकडीत इ. स. पू. २००० च्या आगेमागे होऊन गेलेल्या प्रांताधिकाऱ्यांची थडगी आहेत. तिसरा बाकेत याच्या थडग्यात एका भिंतीवर मल्लांच्या दोनशेहून अधिक जोड्या रंगवल्या आहेत. चित्रकाराने एक युक्ती केली आहे. जोडीतला एक मल्ल गडद रंगाचा आणि दुसरा फिक्या रंगाचा. त्यामुळे हातपाय कितीही गुंतले तरी कोणता हात कोणाचा ते चटकन कळते. कमरेला घातलेली पकड, पाय ओढणे, उचलून आपटणे असे एकेक डाव ओळखता येतात. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादापुढे हे चित्र ठेवले, तर निम्म्याहून अधिक डाव त्याला परके वाटणार नाहीत, असा आमचा अंदाज आहे.

पण या जोड्यांखालीच, त्याच भिंतीवर, किल्ल्यावरच्या हल्ल्याचे दृश्य आहे. ही कुस्ती करमणुकीची की सैनिकांच्या सरावाची? चित्र एवढेच सांगते, की दोन्ही गोष्टी शेजारी रंगवाव्यात असे कोणाला तरी वाटले. बेनी हसनलाच मुली दोन-तीन चेंडू एकाच वेळी झेलताना दिसतात. काही जणी दुसरीच्या पाठीवर बसून चेंडू फेकतात. चेंडू झेलता आला नाही तर पाठीवर घ्यायचे, असा नियम असेल का? असेलही. चित्र एका क्षणाचे असते आणि नियम समजायला त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षणही पाहावा लागतो.

मेदिनेत हाबू येथील तिसऱ्या रामसेसच्या मंदिरात (इ. स. पू. बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) कुस्तीला आणि काठीच्या लढतीला प्रेक्षकही आहेत. इजिप्शियन मल्ल परदेशी मल्लांशी लढतात आणि जिंकतो तो नेहमी इजिप्शियनच. खरोखर नेहमी तोच जिंकत असेल का? भिंत कोणाची होती, हे लक्षात घेतले की उत्तराचा अंदाज येतो.

कधीही न हरणारा राजा

राजाच्या बाबतीत तर पराभव शक्यच नव्हता. सक्काराला जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडजवळ एक मोठे अंगण आहे. राजवटीच्या जुबिली महोत्सवात राजाने धावायचे, त्यासाठीच्या दगडी खुणा तिथे अजून आहेत. ही शर्यत धावणारा एकच असे. शर्यतीपेक्षा तो विधीच अधिक होता.

दुसऱ्या आमेनहोतेप राजाचा (इ. स. पू. पंधरावे शतक) एक शिलालेख गिझाच्या स्फिंक्सजवळ १९३६ साली सापडला. त्यात राजाच्या पराक्रमाचे चक्क आकडे आहेत. वीस-वीस हातांवर तांब्याची चार लक्ष्ये उभी केली, प्रत्येक लक्ष्य एक तळवा जाडीचे. धावत्या रथातून राजाने बाण मारले आणि ते तांब्यातून आरपार गेले! इजिप्शियन हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा आणि तळवा साडेसात सेंटिमीटरचा. म्हणजे साडेदहा मीटर अंतराने उभी केलेली, साडेसात सेंटिमीटर जाडीची घन तांब्याची लक्ष्ये. हाताने ओढलेल्या धनुष्याचा बाण ती भेदू शकत नाही. त्याच लेखात दोनशे वल्हेकरी अर्ध्या टप्प्यातच दमले आणि राजा मात्र एकटा वीस हातांचे वल्हे घेऊन तीन टप्पे, म्हणजे तीसेक किलोमीटर, गेला असेही म्हटले आहे. आकडा लिहिला म्हणजे मोजमाप झाले, असे नव्हे.

मग असे सगळेच लेख टाकून द्यायचे का? त्याच कसोटीवर दुसरा लेख घासून पाहू. तहार्का हा मूळचा न्यूबियातला राजा. इ. स. पू. ६८५च्या सुमाराच्या त्याच्या लेखात सैनिकांच्या धावण्याचे वर्णन आहे. मेम्फिसहून रात्री निघायचे, फायूमपर्यंत जायचे आणि परत यायचे. लेखात प्रहरांची नावे दिली आहेत. त्यांवरून अभ्यासकांनी हिशेब केला: जाताना सुमारे ५० किलोमीटर, वेळ सुमारे चार तास. म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. आजचे उत्तम धावपटू ५० किलोमीटर तीन तासांच्या आत धावतात. तेव्हा रोज सराव करणाऱ्या निवडक सैनिकांना हे कठीण पण शक्य होते. आणखी एक बाब. या लेखात पहिल्या आलेल्याचा सन्मान होतो आणि त्याच्या मागोमाग पोचलेल्यांनाही बक्षिसे मिळतात. कोणी मागे पडू शकते, हे इथे मान्य केलेले आहे. आम्हाला हा लेख अधिक विश्वासार्ह वाटतो, तो यामुळे.

वर्गासाठी

हे सारे पाठांतरासाठी नाही. एक उपक्रम करून पाहता येईल. मुलांचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने स्वतः एक पटावरचा खेळ तयार करावा, नियम ठरवावेत, पण लिहू नयेत. मग फक्त पट, सोंगट्या आणि खेळ चालू असतानाचे एक चित्र दुसऱ्या गटाला द्यावे. दुसऱ्या गटाने कागदावर दोन रकाने आखावेत: 'आम्ही पाहिले' आणि 'आम्ही तर्क केला'. नियम शोधून झाले की पहिल्या गटाने खरे नियम सांगावेत. तर्क किती जुळले, यापेक्षा कोणत्या रकान्यातले वाक्य चुकून दुसऱ्या रकान्यात गेले, ते तपासण्यात अधिक वेळ द्यावा. सेनेतच्या अभ्यासकांना मात्र खरे नियम सांगणारा पहिला गट कधीच भेटणार नाही. त्यामुळे त्यांना हे दोन रकाने सतत वेगळे ठेवावे लागतात, आणि पाठ्यपुस्तकातले वाक्य त्यांतल्या कोणत्या रकान्यातून आले, हे विचारण्याची सवय मुलांना इथून लावता येते.