आसन आणि उपासना

आगगाडीने हुबळीस उतरणाऱ्या प्रवाशास हल्ली स्थानकाच्या फलकावरच सिद्धारूढ स्वामींचे नाव वाचावयास मिळते. २०२० साली स्थानकाचे तसे नामकरण झाले. या स्वामींचा मठ जुन्या हुबळीत आहे. तेथे जाऊन कोणी ‘योग हा धर्म आहे की व्यायाम?’ असे विचारले, तर बहुतेक भाविकांना त्या प्रश्नाचा रोखच प्रथम उमगणार नाही. स्वामींचा जन्म १८३६ सालचा, समाधी १९२९ सालची. ते अद्वैताचे उपदेशक होते, आणि कन्नड संतकवी निजगुण शिवयोगी यांच्या ग्रंथांचे निरूपण हा त्यांच्या मठातील नित्याचा परिपाठ होता. पंचाक्षरी मंत्र त्यांनी जातपात न पाहता दिला. त्यांच्या निकटच्या शिष्यांत जन्माने मुसलमान असलेले कबीरदासही होते. या ठिकाणी योग म्हणजे जिवाची शिवाशी पडलेली गाठ. साधकाची कंबर किती लवते याची चौकशी तेथे कोणी करीत नाही.

आणि याच शहरात २१ जूनच्या सकाळी शाळांच्या पटांगणांवर मुलांच्या रांगा लागतात, शिट्टी वाजते, शारीरिक शिक्षणाचे मास्तर आकडे मोजू लागतात आणि मुले ताडासन, वज्रासन, भुजंगासन करतात. नाव तेच, योग! मी स्वतः कॅथलिक पंथाचा असून माझा पेशा शिक्षकाचा. त्यामुळे त्या दिवसांत दोन्ही बाजूंचे बोलणे माझ्या कानी येते. एखादी ख्रिस्ती माउली हळूच विचारते, ‘सर, ह्यात आपल्या धर्माविरुद्ध काही नाही ना?’ आणि एखादे सहकारी मित्र त्रासून म्हणतात, ‘अहो, हातपाय हलवण्यात कसला आला धर्म?’ श्रोतेहो, दोघांचेही बोलणे प्रामाणिक असते. परंतु उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास चाळावा लागतो, आणि तो बराचसा आपल्याच दख्खनच्या मुलखात घडलेला आहे.

प्रथम माझ्या सहकारी मित्रांचे म्हणणे पाहू. योग हा मुळापासूनच निव्वळ व्यायाम होता, या मताला ग्रंथांचा आधार मिळत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आली आहेत. उरलेला सारा विचार चित्ताचा, क्लेशांचा आणि कैवल्याचा. आमच्या मराठीत तर योगाचे पहिले थोर वर्णन आले ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, १२९० साली. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी परंपरा ज्या ज्ञानदेवांच्या पाठीशी होती, त्यांनी वज्रासन, बंध आणि कुंडलिनीचे जागरण इतक्या बारकाईने सांगितले की वाचणाऱ्याला शरीरात काही घडते आहे असा भास व्हावा. परंतु ते घडते कशासाठी? ब्रह्मप्राप्तीसाठी. पुढे निजगुण शिवयोग्यांचा ‘विवेकचिंतामणी’ १६०४ साली मराठीत आला, म्हणजे सिद्धारूढांच्या मठात चालणारा विचार कानडी-मराठी सीमा ओलांडून तीन शतके आधीच आपल्याकडे पोचला होता. या सगळ्या वाङ्मयातून ईश्वर वजा करून मागे व्यायामाचे पुस्तक उरेल असे ज्यांना वाटते, त्यांनी ते वाचलेले नसावे.

मग पटांगणावरचा योग आला कोठून? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तो जाणीवपूर्वक घडविला गेला. कोणी घडविला हे पाहिले म्हणजे नवल वाटते, कारण ती माणसे पाखंडी नव्हती, नास्तिक तर नव्हतीच.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांतील अग्रणी. बडोद्यास प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, नंतर नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींच्या चरणी बसून योग शिकला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. गुरूकडून मिळालेली विद्या त्यांनी क्ष-किरणांच्या यंत्रापुढे नेली. उड्डियान आणि नौली करताना पोटातील दाब किती घटतो हे मोजून त्यांनी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. मोक्ष मोजता येत नाही, दाब मोजता येतो. म्हणून त्यांनी जे मोजता येते ते वेगळे काढले. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि एकेकट्या साधकाची विद्या सांघिक कवायतीच्या रूपात शाळांपुढे ठेवली गेली. हुबळी-धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यातच होते, हे येथे ध्यानात असू द्यावे.

औंधची गोष्ट याहून निराळी. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार मोठ्या हौसेने केला, आपल्या शाळांतून ते सुरू केले. त्यांचे पुस्तक १९३८ साली लंडनहून इंग्रजीतही निघाले. मात्र त्यांनी मंत्र गाळले नाहीत. प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र म्हणावयाचा, आणि त्या ध्वनीच्या कंपनाने शरीरातील इंद्रियांना लाभ होतो, असे त्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे. माझ्या मते हा मार्ग कुवलयानंदांच्या मार्गापेक्षा अधिक अडचणीचा. सूर्याला नमन करणारे शब्द मुलाच्या तोंडून वदवून घ्यावयाचे आणि वर ती केवळ ध्वनिचिकित्सा आहे असे सांगावयाचे, यात मंत्राचाही मान राहत नाही आणि मुलाचाही.

आता आपल्या अगदी दाराशी येऊ. म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने टी. कृष्णम्माचार्य हे राजवाड्यातील योगशाळा चालवीत. ते कडवे श्रीवैष्णव, सहा दर्शनांचे पंडित. १९३६ साली ते आपल्या शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. ठिकठिकाणी व्याख्यान व्हावयाचे आणि शिष्यांनी आसने करून दाखवावयाची. धारवाडच्या मुक्कामी काही स्त्रियांनी योग शिकण्याची इच्छा दर्शविली. आता स्त्रियांना शिकविणार कोण? शिष्यांत वयाने लहान एक सतरा वर्षांचा, क्षयाने खंगलेला मुलगा होता, त्याच्यावर ते काम सोपविण्यात आले. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. योगाचे शिक्षक म्हणून त्यांची सुरुवात अशी आमच्या धारवाडात झाली.

त्याच दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉक्टर व्ही. बी. गोखले यांनी ही आसने पाहिली. वैद्याची नजर ती. त्यांना त्यात आरोग्याचे साधन दिसले. निवृत्तीनंतर पुण्यास गेल्यावर त्यांच्याच खटपटीने १९३७ साली अय्यंगारांना डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी बोलावणे आले. मराठीचा गंध नसलेला तो तरुण पुण्यातील शाळा-महाविद्यालयांतील मुलांना शिकवू लागला आणि सहा महिन्यांचे आयुष्यभर झाले. २०१४ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. डॉक्टर बोलत आणि अय्यंगार आसने करून दाखवीत, अशी त्यांची प्रात्यक्षिके त्या काळी होत. त्या जोडीकडे पाहिले म्हणजे आपला प्रश्न जणू व्यासपीठावर उभा राहिलेला दिसतो. आसन करणारा घरी तिरुमण लावणारा वैष्णव. समोरच्या सभेला मात्र सांगितले जाते सांधे, स्नायू आणि श्वास यांविषयी. यात फसवणूक होती काय? मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ दोन वस्तू आहेत त्याने मागणाऱ्याला हवी ती एक दिली, इतकेच.

ही वाटणी पुढे लेखी झाली ती विलायतेत. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांची व अय्यंगारांची गाठ १९५२ साली मुंबईस पडली, आणि त्यातून त्यांचे परदेशातील कार्य वाढले. लंडनच्या सरकारी शिक्षणमंडळाने १९६९ साली प्रौढांच्या वर्गांत योग शिकविण्यास अनुमती दिली, ती एका अटीवर: शिक्षण आसने व प्राणायाम यांपुरतेच राहावे, योगाच्या तत्त्वज्ञानात शिरू नये. अय्यंगारांच्या पद्धतीने ही अट स्वीकारली. धारवाडच्या स्त्रियांपासून लंडनच्या सायंवर्गांपर्यंत जाण्यास तेहतीस वर्षे लागली, आणि तत्त्वज्ञानाचे गाठोडे दारात ठेवून आत जावे लागले.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथील शाळांत, कृष्णम्माचार्यांचेच दुसरे शिष्य पट्टाभि जोइस यांच्या नावाच्या संस्थेच्या पैशाने योगाचे वर्ग सुरू झाले. काही पालकांनी हरकत घेतली. २०१३ साली न्यायाधीशांनी मोठा सूक्ष्म निर्णय दिला: योगाची मुळे धर्मात आहेत हे खरे, पण या शाळेत जे शिकविले जाते ते धर्मशिक्षण नव्हे. वरच्या न्यायालयाने २०१५ साली तो कायम केला. तोवर शाळेने संस्कृत नावे काढून पद्मासनाला बालगीतातले एक गमतीदार नाव दिले होते. हे वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. कमळाने कोणाचा धर्म बाटविला असता?

आता माझ्या ख्रिस्ती माउलीचा प्रश्न. आमच्या परंपरेला देह आणि प्रार्थना यांची जवळीक नवी नाही. आम्ही गुडघे टेकतो, माळेचे मणी ओढतो, उपास करतो. संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक व्यायाम’ या ग्रंथाला पोपमहाशयांची मान्यता १५४८ साली मिळाली. त्याच्या नावातच व्यायाम हा शब्द आहे, आणि एकेका श्वासाबरोबर प्रार्थनेचा एकेक शब्द मनात घ्यावा अशी एक रीत त्यात सांगितली आहे. दशाने या बेनेडिक्टाइन साधूने १९५६ साली योगासनांचा ख्रिस्ती प्रार्थनेशी मेळ घालणारे पुस्तक लिहिले. व्हॅटिकनने १९८९ च्या ऑक्टोबरात या विषयावर बिशपांना एक पत्र पाठविले. पूर्वेकडील पद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून टाकाऊ ठरत नाहीत, मात्र देहाला मिळालेली शांती म्हणजेच ईश्वराचा स्पर्श असे समजू नये, असा त्याचा इशारा. आमच्यातील पुष्कळांनी या पत्रातील इशारा तेवढा लक्षात ठेवला आणि अनुमती विसरली. मुंबईचे फादर ज्यो परेरा हे तर अय्यंगारांचेच शिष्य. त्यांनी १९८१ साली ‘कृपा’ संस्था काढून व्यसनाधीनांच्या उपचारात आसनांचा उपयोग केला, आणि त्यापायी त्यांचे धर्मगुरुपद कोठे अडले नाही.

म्हणून त्या माउलीला मी सांगतो, ‘बाई, भुजंगासनात देव नाही, सैतानही नाही. मात्र मंत्र म्हटला तर ती प्रार्थना होते, आणि प्रार्थना कोणाची करावी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.’ आणि मित्रांना सांगतो की, निव्वळ व्यायामच असेल तर मंत्रावाचून आणि सक्तीवाचून त्याचे काही अडू नये.

आपल्या राज्यघटनेने हा भेद पूर्वीच जाणला आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलाला त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. केरळातील तीन ख्रिस्ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. मध्य प्रदेशात शाळांतील सूर्यनमस्कारांवर आक्षेप आला तेव्हा, २००७ साली, तेथील उच्च न्यायालयानेही सक्ती चालणार नाही असे म्हटले. २०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन झाला, त्याच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले ते अशाच आक्षेपांनंतर. कित्येकांना हा भित्रेपणा वाटला. मला त्यात कुवलयानंदांचाच जुना हिशेब दिसतो: सर्वांना देता येईल ते पटांगणावर, बाकीचे ज्याच्या त्याच्या देवघरात आणि मठात.

एवढे करूनही एखादे मूल रांगेत बसावयास तयार होत नाही. त्याला वर्गात एकटे कोंडून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती मला पसंत नाही. त्याला मैदानाच्या कडेने चार फेऱ्या धावू द्याव्यात, आणि हजेरीपटावर त्याची हजेरी इतरांसारखीच मांडावी.