सहा सिलिंडरांचे शून्य

कापसाचे दिवस सुरू झाले की राळेगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि ट्रक यांची वर्दळ वाढते. अशा वेळी चालू ठेवलेल्या एखाद्या ट्रॅक्टरजवळ पाच मिनिटे उभे राहून पाहा. बोनेट, आरसा, चालकाची बैठक, सगळे थरथरत असते. शेजारचा टाटाचा जुना ट्रक त्याहून जड, आवाजही मोठा. पण त्याची थरथर त्या मानाने कमी वाटते. ट्रॅक्टरच्या इंजिनात बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. टाटाच्या जुन्या ट्रकमध्ये असते ते '६९७' नावाचे इंजिन. या आकड्याची फोड सोपी आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. सहाही एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे.

या ओळीचा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, शेव्हरोले गाड्यांना चाराऐवजी सहा सिलिंडरचे इंजिन आले, आणि ते चार सिलिंडरवाल्या गाडीच्या किमतीत मिळेल अशी जाहिरात कंपनीने केली. शिवडीची जुळणी १९५४ मध्ये बंद झाली. दरम्यान वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज आणि फार्गो गाड्या जोडायला घेतल्या होत्या. त्यांतही ओळीतले सहाच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली बस धावली ती बेडफर्डची. बेडफर्ड हा मुळात इंग्लंडमध्ये जोडल्या जाणाऱ्या शेव्हरोले ट्रकचाच वंशज. राळेगाव तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, त्यामुळे ही बस इकडे यायला काही वर्षे जावी लागली. पण इंजिनाचे घराणे तेच.

आता याच घराण्याची दुसरी शाखा पाहू. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत तरुणांच्या हाती स्वस्त जुन्या गाड्या आल्या, आणि ओस पडलेल्या धावपट्ट्याही होत्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि थांबलेल्या स्थितीतून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पळवायच्या. हेच ड्रॅग रेसिंग. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आनाच्या विमानतळावर अशा शर्यती रीतसर भरू लागल्या. १९५१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. शर्यतीसाठी बहुतेक जण आठ सिलिंडरची इंजिने घेत. मात्र काही हट्टी माणसांनी ट्रक ओढणारे ओळीतले सहाच निवडले, आणि आजही काही जण तेच जुने इंजिन गोळा करून बांधतात. त्यांच्या हट्टामागे थोडे प्रेम आहे, थोडे गणित आहे. आम्हाला रस आहे तो या गणितात.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक वेळी तो इंजिनाच्या सांगाड्याला धक्का देतो. हा धक्का क्रँकच्या कोनाच्या कोज्येवर (कॉस) अवलंबून असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे कोन ०, १८०, १८०, ० असे असतात. कोज्यांची बेरीज: १ − १ − १ + १ = ०. वा! मग थरथर येते कुठून?

ती येते कनेक्टिंग रॉडमुळे. क्रँक वरून पाव फेरी फिरला की पिस्टन बरोबर निम्मा खाली यायला हवा, पण रॉड तिरपा झाल्याने तो निम्म्याहून जास्त येतो. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट धरली, तर पिस्टन आपल्या मार्गाच्या सुमारे ५६ टक्के खाली आलेला असतो. (पायथागोरसचे प्रमेय लावून विद्यार्थ्यांना हे काढू द्या.) म्हणून फेरीच्या वरच्या अर्ध्या भागात धक्का मोठा, खालच्या अर्ध्या भागात लहान. गणितात हा फरक दुप्पट कोनाची कोज्या म्हणून येतो. चौघांचे दुप्पट कोन ०, ३६०, ३६०, ०. बेरीज: १ + १ + १ + १ = ४. चौघेही एकाच वेळी एकाच दिशेला ढकलतात.

सहा सिलिंडरमध्ये क्रँकचे कोन ०, १२०, २४०, २४०, १२०, ०. पहिल्या तिघांच्या कोज्या १, −½, −½; बेरीज शून्य. दुप्पट कोन ०, २४०, ४८०. कोज्या पुन्हा १, −½, −½. बेरीज पुन्हा शून्य. मग तीनच सिलिंडर का पुरत नाहीत? तिघांचे धक्के वेगवेगळ्या जागी बसतात, त्यामुळे इंजिन सी-सॉसारखे पुढेमागे डोलते. सहामध्ये मागचे तीन हे पुढच्या तिघांचे आरशातले प्रतिबिंब असते, म्हणून डोलणेही मिटते. कोणतेही जास्तीचे वजन न लावता ही शांतता फुकट मिळते.

फुकट, पण एका अटीवर. ही बेरीज करताना सहाही पिस्टनांचे वस्तुमान सारखे आहे असे आपण गृहीत धरले. १९३७ नंतरच्या शेव्हरोले सहामध्ये पिस्टनचा मार्ग साधारण ९५ मिलिमीटर होता, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४७.६ मिलिमीटर. इंजिन ३२०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देई. त्या वेगाला पिस्टनचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५४० पट होते. (रॉडच्या तिरपेपणाने वरच्या टोकाला ते आणखी वाढते, तूर्त ते सोडू.) शर्यतीसाठी हेच इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे ठरवले, तर त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते आणि सुमारे १६०० पट होते. एक पिस्टन इतरांपेक्षा फक्त १० ग्रॅम जड असेल, तर सोळा किलो वजनाइतका न जुळणारा जोर वर-खाली बसेल, सेकंदाला ९२ फेऱ्यांत. म्हणून जुने इंजिन बांधणारा माणूस आधी पाने घेऊन बसत नाही, तर तराजू घेऊन बसतो. सहा पिस्टन, सहा रॉड, त्यांच्या पिना, सगळे तोलायचे. सर्वांत हलका सापडला की बाकीच्यांना आतून घासून त्याच्या बरोबरीला आणायचे. रॉडची तर दोन्ही टोके वेगवेगळी तोलतात, कारण एक टोक पिस्टनबरोबर वर-खाली जाते आणि दुसरे क्रँकबरोबर फिरते.

त्यानंतर दुरुस्तीची कामे येतात. झिजलेले सिलिंडर बोअर करावे लागतात, आणि इथे हात जपून चालवावा लागतो. काढलेले लोखंड परत येत नाही, आणि तसा ब्लॉक आता कोणी ओतत नाही. जुन्या शेव्हरोलेत रॉडचे बेअरिंग रॉडमध्येच ओतलेल्या मऊ मिश्रधातूचे होते आणि त्याला तेल मिळे ते शिंतोड्यांनी. ट्रकच्या चालीला ते पुरे होई, ५५०० फेऱ्यांना नाही. म्हणून जाणकार १९५४ नंतरचे, रॉडपर्यंत दाबाने तेल पोचवणारे २३५ घन इंची इंजिन शोधतात. याच २३५ ला तीन कार्बुरेटर लावून १९५३ च्या कॉर्व्हेट मोटारीत १५० अश्वशक्ती काढली होती. श्वास घेण्याची अडचण मात्र उरतेच. या इंजिनाच्या हेडमध्ये सहा सिलिंडरांना हवा घ्यायला तीनच वाटा, दोघांत एक. वेन हॉर्निंग या अमेरिकन कारागिराने बारा वाटांचे हेड बनवले: सहा आत येण्याच्या, सहा बाहेर जाण्याच्या. शर्यतीच्या जगात ट्रकच्या सहाला मान मिळाला त्यात या हेडचा वाटा मोठा.

आणि तरीही क्रँकशाफ्ट तुटू शकतो. बेरीज शून्य असूनही!

कारण बेरीज करताना आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरली होती: क्रँकशाफ्ट ताठ आहे. तो ताठ नसतो. एक प्रयोग करून पाहा. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून उभी टांगा आणि तिला आडव्या सहा काड्या बांधा. खालच्या काडीला हलका पीळ देऊन सोडा. पीळ वर जाईल, परत येईल, पट्टी आपल्या ठरावीक लयीत वळवळत राहील. पट्टी लांब केली की लय मंदावते. सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट चारापेक्षा लांब, म्हणून त्याची पिळाची लय मंद, आणि इंजिनाच्या स्फोटांची लय तिला चालत्या वेगातच गाठते. झोका योग्य क्षणी ढकलत राहावा तसे प्रत्येक स्फोटाने पीळ वाढत जातो. बाहेरून इंजिन शांत दिसते आणि आत पोलाद थकत असते. १९०६ च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या सहा सिलिंडरी गाड्यांचे क्रँकशाफ्ट असेच मोडले, आणि काही काळ लोकांना वाटले की ओळीतले सहा ही कल्पनाच चुकीची आहे. रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर या दोघांनी आपापल्या परीने त्यावर उपाय काढला: शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक जड चकती बसवायची, पण घट्ट नाही, थोडी घसरू शकेल अशी. शाफ्ट पिळाने मागेपुढे झाला की चकती जडत्वाने मागे राहते, घर्षण होते आणि पिळाची ऊर्जा उष्णतेत जिरते. पुढे घसरणाऱ्या चकतीऐवजी रबराचा थर आला.

शेव्हरोलेच्या जुन्या सहाला क्रँकशाफ्ट पेलायला चारच मुख्य बेअरिंगे होती. १९६२ साली आलेल्या नव्या सहाला सात दिली गेली, म्हणजे प्रत्येक क्रँकच्या दोन्ही बाजूंना आधार. जुने इंजिन बांधणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या हातात एवढेच उरते की नवा, रबर न वाळलेला डँपर लावायचा आणि ज्या वेगाला पीळ जागा होतो तिथे इंजिन रेंगाळू द्यायचे नाही. पाव मैलाच्या शर्यतीत हे जमते, तिथे इंजिन कुठल्याच वेगाला फार वेळ थांबत नाही. घाटात तासभर एकाच वेगाने चढणाऱ्या ट्रकला ते जमत नाही.

पुढच्या वेळी सहा सिलिंडरचा ट्रक बोनेट उघडून दुरुस्तीला उभा दिसला, तर मिस्त्रीला विचारून रेडिएटरच्या मागे, क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेली जाड चकती पाहून घ्या. इंजिन बंद असताना.