हैदराबादची पोलीस कारवाई (१९४८) : हस्तक्षेपाच्या नैतिकतेचा प्रश्न

प्रस्तावना :
लोकशाही व मानवी हक्कांसाठी एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या प्रदेशात सैन्य पाठवावे काय, हा प्रश्न कोसोवो व इराकच्या संदर्भात चर्चिला जातो. अजिंठ्यासह संपूर्ण मराठवाड्याने मात्र तो १९४८ मध्येच अनुभवला आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे हस्तक्षेपाच्या नैतिक निकषांचा विचार केला आहे.

हस्तक्षेपाचे समर्थन :
हैदराबाद संस्थानात जनतेला जबाबदार असे शासन नव्हते. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा, कासीम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार आणि ऑगस्ट १९४८ मधील पत्रकार शोएबुल्लाखान यांची हत्या या घटना परिस्थितीचे गांभीर्य स्पष्ट करतात. शोएबुल्लाखान मुस्लिम होते व विलीनीकरणाचे समर्थक होते. त्यामुळे या लढ्यास केवळ धार्मिक संघर्ष मानणे युक्त नाही. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने प्रश्न सुटला नाही. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

‘परकीय’ कोण?
निजामाने स्वतःस सार्वभौम मानून सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. भारताच्या मते हा अंतर्गत प्रश्न होता. ‘पोलीस कारवाई’ या नावातच ती भूमिका दिसते. तथापि नावाने नैतिक जबाबदारी कमी होत नाही.

विजयानंतरची जबाबदारी :
कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिमांची हत्या व लूट झाली. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार अंदाजिली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. काही ठिकाणी सैनिकांचाही सहभाग समितीने नोंदविला. त्याचबरोबर मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

निष्कर्ष :
अंतर्गत जनआंदोलनाचा आधार, अन्य मार्गांचा प्रयत्न आणि १९५२ च्या निवडणुकीतून जनतेकडे आलेली सत्ता, या तीन निकषांवर ही कारवाई समर्थनीय ठरते. परंतु सर्व नागरिकांचे संरक्षण व सत्यकथन या निकषांवर ती उणी पडते. मुक्ती ही खरी होती, तिची किंमतही खरी होती. म्हणून १७ सप्टेंबरला महाविद्यालयांतून हुतात्म्यांना अभिवादन करताना सुंदरलाल अहवालाचेही अध्यापन व्हावे. त्यामुळे मुक्तिसंग्रामाचे मोल घटणार नाही. ज्या मूल्यांसाठी तो लढला गेला, त्यांच्याशी इमान राखले जाईल.