बातमीदाराची गुप्तता आणि विशेष वॉरंट (जुगाराचे खटले)

जुगाराच्या अड्ड्याची खबर देणाऱ्याचे नाव न्यायालयात किती झाकता येते आणि त्या खबरीवर छाप्याचा अधिकार कसा मिळतो, यासंबंधीचे नियम. महाराष्ट्रात हे प्रश्न मुख्यतः १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली उद्‌भवतात.

‘गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली’, अशा धाटणीचे वाक्य मटक्याच्या फिर्यादीत हमखास भेटते. ती बातमी कुठून आली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १२५ चे हे संरक्षण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये आले. पण नाव झाकलेल्या खबऱ्याच्या शब्दावर कोणाला शिक्षा होत नाही. खबर तपासाला तोंड फोडते, एवढेच.

खरी मेख जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. छाप्यासाठी आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांचा लेखी सर्वसाधारण आदेश किंवा विशेष वॉरंट लागते. अन्यत्र दर प्रकरणी सक्षम दंडाधिकाऱ्याचे अथवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे विशेष वॉरंट हवे. छापा उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच घालायचा. वॉरंट देणाऱ्याने आवश्यक ती चौकशी करून संशयाला सबळ कारण असल्याची खात्री करून घ्यायची असते. हे पथ्य पाळले, की कलम ७ फिर्यादी पक्षाच्या मदतीला येते: आत पत्ते, आकड्यांच्या चिठ्ठ्या, हिशेबाची वही अशी साधने सापडल्यास ती जागा जुगाराचा अड्डा असल्याचे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. कलम ६ चे पालन सिद्ध झाले नाही, तर हे गृहीतक मिळत नाही. म्हणून मुरलेला वकील खबऱ्याच्या मागे न लागता आधी वॉरंट पाहायला मागतो.

पोलिसांनी अड्ड्यावर पाठवलेल्या बनावट गिऱ्हाईकाची गोष्ट निराळी. पंचांसमक्ष खुणेची नोट घेऊन तो आकडा लावतो आणि चिठ्ठी मिळताच ठरलेला इशारा करतो. व्यवहार त्याने स्वतः केलेला असल्याने त्याला साक्षीदार म्हणून उभे केले की उलटतपासणी टळत नाही, नावही लपत नाही. तोच माणूस छाप्यामागून छाप्यात ‘पंच’ म्हणून दिसू लागला, तर न्यायालये त्याच्या साक्षीकडे संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे.

रस्त्यावरच्या वा सार्वजनिक जागेतल्या जुगाराला कलम १२ लागू होते. तिथे वॉरंटाशिवाय अटक आणि झडती घेता येते.