सुटा खंड, पुरा संच आणि मुसलमानी रियासत

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला होता. भद्रावतीच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे पोरगा दिवसभर कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेला. त्याला जपानी कार्टूनच्या, म्हणजे ॲनिमेच्या, डीव्हीडी जमवायचा छंद आहे. आजकाल सगळं मोबाईलवर दिसत असताना डीव्हीडी कशाला, असं त्याच्या आईने विचारून झालंय, मीही विचारलं. तो म्हणाला, "मामू, मोबाईलवरचं आज है, कल नहीं. ये अपने पास रहता है." पुस्तकं जमवणाऱ्या मामूने यावर काय बोलावं?

मग त्याने त्याची अडचण सांगितली. एका ओळखीच्या माणसाकडे अमेरिकेतून आलेल्या जुन्या डिस्क विकायला आहेत. एकाच मालिकेच्या सुट्या डिस्कही आहेत आणि सगळ्यांचा मिळून एक डबाही आहे. "पूरा सेट लूँ या एक-एक करके?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तोच समजावत बसला. पूर्वी तिकडे एका डिस्कवर तीन-चार भाग घालून एक-एक डिस्क विकायचे. 'इव्हॅन्जेलियन' नावाची २६ भागांची मालिका अशीच ८ सुट्या डिस्कमध्ये आली, पूर्ण डबा नंतर निघाला. ज्यांनी आठही आधी घेतल्या त्यांना जास्त पैसे पडले. काही मालिकांच्या तर पहिल्या डिस्कसोबत मोठा रिकामा डबा विकायचे. बाकीच्या डिस्क निघतील तशा घ्या आणि डबा भरत न्या! पण डबा भरेलच याची खात्री नव्हती. २००७ मध्ये गेनिऑन नावाच्या कंपनीने अमेरिकेतलं आपलं वितरण बंद केलं, तेव्हा काही मालिका मध्येच अडकल्या आणि लोकांच्या कपाटात अर्धे डबे राहिले. शिवाय अमेरिकेची डिस्क प्रदेश १ ची आणि आपल्याकडची प्रदेश ५ ची, त्यामुळे आपल्या घरच्या साध्या प्लेअरवर ती बहुधा लागतच नाही. संगणकाच्या ड्राइव्हला प्रदेश बदलता येतो, पण तोही पाचदाच. इतकं सगळं सोसून पोरगा डिस्क घेतो.

त्याला मी काय सल्ला दिला ते राहू द्या. त्याच्या प्रश्नाने मला माझी बी.एड.ची वर्षं आणि गो. स. सरदेसाईंची रियासत आठवली, ते सांगायचं आहे.

नागपूरला शिकत असताना रविवारी मी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत फिरायचो. तिथे मला 'मराठी रियासत'चा एक सुटा खंड मिळाला, मधलाच कुठला तरी. तेव्हा मला 'रियासत' या शब्दानेच ओढलं. उर्दू वाचणाऱ्या माणसाला हा शब्द घरचा. मूळ अरबी 'रअस' म्हणजे डोकं, त्यावरून 'रईस' म्हणजे प्रमुख, आणि 'रियासत' म्हणजे प्रमुखपण, सत्ता. मराठ्यांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा ग्रंथ एका अरबी शब्दाने ओळखला जातो आणि तो लिहिणाऱ्या माणसाला महाराष्ट्र 'रियासतकार' म्हणतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. मराठी अशीच आहे.

पुढे नोकरी लागली. शिक्षणसेवकाच्या मानधनात पुरा संच घेणं शक्यच नव्हतं, म्हणून सुटे खंड घेत गेलो. एखादा रद्दीतून, एखादा कुणाच्या घरातून, दोन नवे. पॉप्युलर प्रकाशनाने स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली रियासत पुन्हा छापली होती, त्यातले. सहा-सात वर्षांत 'मराठी रियासत'चे आठही खंड माझ्याकडे झाले. फळीवर ओळीने लावले आणि माझा संच पुरा झाला असं समजलो. घरी आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी फळी पाहिली, खुश झाले, आणि सहज म्हणाले, "सर, सुरुवात कुठाय?"

मला कळलंच नाही. पहिला खंड तर समोर होता.

त्यांना म्हणायचं होतं ते असं. सरदेसाई बडोद्याला १८८९ पासून सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. राजपुत्रांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. शिकवायला मराठीत नीटसा इतिहास नाही म्हणून ते स्वतः टिपणं काढू लागले आणि त्यातून ग्रंथ उभा राहिला. शिकवता शिकवता वाढलेला ग्रंथ आहे हा, म्हणून मास्तर मंडळींना त्याचं प्रेम जरा जास्त. या ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक १८९८ मध्ये आलं आणि ते होतं 'मुसलमानी रियासत'. (वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंडही त्याच वर्षीचा. काय वर्ष असेल ते!) 'मराठी रियासत' १९०२ पासून निघू लागली आणि तिचं काम तीस वर्षं चाललं. 'ब्रिटिश रियासत'चा शेवटचा भाग १९३९ चा. म्हणजे हा संच जमायला ४१ वर्षं लागली. त्यातच मधल्या काळात याच माणसाने पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

१८९८ चा वाचक 'संच घेऊ की सुटं' असं विचारूच शकत नव्हता. त्याच्या हाती एकच पुस्तक होतं, दिल्लीच्या सुलतानांचं आणि मोगलांचं. मराठ्यांच्या इतिहासाकडे जायची वाट सरदेसाईंनी त्या दारातून ठेवली होती. माझ्या मते त्यात त्यांची काही फार मोठी उदारता शोधायला नको, साधा शिक्षकाचा हिशोब होता. आदिलशाही, निजामशाही, मोगल समजल्याशिवाय शहाजीराजे कुणाच्या चाकरीत होते, का होते आणि शिवाजी महाराजांनी काय मोडून काय उभं केलं, हे मुलांना समजत नाही. आजही समजत नाही.

आणि माझ्या फळीवर, एका मुसलमान मास्तरच्या फळीवर, मराठी रियासत आठही खंड आणि मुसलमानी रियासत शून्य! मी ती मुद्दाम गाळली नव्हती. सुटे खंड घेताना माणूस आपल्याला हवं ते घेतो, आणि आपल्याला काय हवं आहे हे आधीच ठरलेलं असतं. मला शिवकाळ आणि पेशवाई शिकवायची होती. ढिगात 'मुसलमानी रियासत' कधी समोर आली असेल तर मी ती बाजूला सारलीही असेल. हे माझं आपलं आहे म्हणजे मला येतं, अशीही एक घमेंड आपल्यात असते. येत काहीच नव्हतं. मुहम्मद तुघलकाचे चार किस्से आणि पानिपत, एवढंच.

त्यानंतरची गोष्ट शाळेची. कुठली शाळा ते महत्त्वाचं नाही. ग्रंथालयाला पुस्तकखरेदीसाठी थोडा निधी मिळाला. यादी करायला मला सांगितलं. मी रियासत पुरी लिहिली, मराठीचे आठ, मुसलमानीचे दोन, ब्रिटिशचे दोन. बैठकीत चर्चा झाली. पैसे कमी पडत होते, हे खरं. कुणीतरी म्हणालं, चौथीला शिवछत्रपती आहे, सातवीला मध्ययुग आहे, तेव्हा मराठीचे आठ घेऊ, बाकीचे नंतर बघू. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मलाच एक सहकारी मायेने म्हणाले, "सर, ती दोन तुमच्या आवडीची आहेत, पुढच्या वर्षी नक्की घेऊ." तुमच्या आवडीची! मी गप्प बसलो. त्या वेळी बोलायला हवं होतं की ती दोन त्या आठांची सुरुवात आहे, माझी आवड नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी शब्द पाळला. दोन्ही भाग आले. पण सुटे आले. दाखल-नोंदवहीत त्यांचे क्रमांक निराळे पडले. एकदा मुलांना दाखवायला म्हणून मी इतिहासाच्या कपाटात शोधले तर नाहीत. शेवटी सापडले ते धर्माच्या कपाटात, कुरआनच्या मराठी तर्जुम्याशेजारी. बाईंनी नावातला पहिला शब्द वाचून ठेवले होते. अल्लाउद्दीन खिलजीचा बाजारभाव आणि शेरशाहचा सारा धर्माच्या कपाटात! मी हसलो आणि उचलून मराठी रियासतीच्या आधी लावले. वर्षाअखेर पुस्तकमोजणी झाली तेव्हा ते पुन्हा धर्माकडे गेले. असं दोन-तीनदा झालं.

एकत्र बांधून आले असते तर हे झालं नसतं. मला पुऱ्या संचाची किंमत तेव्हा समजली. संच आपल्याला नको असलेला खंडही घरात आणतो. तो आपण वाचू न वाचू, पण शेजारच्या खंडाकडे हात जाताना त्याची पाठ दिसते.

तरी सुट्या खंडांची बाजू सोडून चालणार नाही, कारण कित्येकदा संच मुळातच नसतो. उर्दूतली 'दास्तान-ए-अमीर हमज़ा' घ्या. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ च्या सुमारास 'तिलिस्म-ए-होशरुबा'पासून तिचे जाड जाड खंड काढायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ४६ खंड झाले. चाळीस हजारांहून जास्त पानं. लोकांनी वाचले, फाडले, उधार दिले, वाळवीला घातले. काही दशकांनी अशी वेळ आली की एका जागी सगळे खंड पाहायला मिळणं मुश्किल. शम्सुर्रहमान फारूक़ी डाक खात्यात अधिकारी होते, त्यांनी एक-एक खंड शोधत ४६ चे ४६ गोळा केले, वाचले, आणि दास्तानीवर कित्येक खंडांचा अभ्यास लिहिला. ते पुऱ्या संचाची वाट पाहत बसले असते तर आज दास्तानगोई पुन्हा उभी राहिली असती का, मला शंका आहे.

आणि रियासतीचा पुरा संच तरी पुरा आहे का? भाच्याला हे सांगताना माझा आवाज चढला, आपा आतून बघायला आली. मुसलमानी, मराठी, ब्रिटिश अशा तीन पेट्या. जेम्स मिलने १८१७ मध्ये हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान, ब्रिटिश असे तुकडे पाडले, त्याच साच्याचा हा मराठी अवतार. सरदेसाईंच्या मेहनतीपुढे मी मान झुकवतो, पण या पेट्यांत माणसं मावत नाहीत. मलिक अंबर कुठल्या पेटीत? १६३६ मध्ये निजामशाही बुडाली तोवर एका लहान निजामाला गादीवर ठेवून कारभार हाकणारे शहाजीराजे कुठल्या पेटीत?

लांब कशाला जा. आमचा चांदा घ्या. इथे कित्येक पिढ्या गोंड राजांचं राज्य होतं. चंद्रपूरचा परकोट त्यांचा, बल्लारपूरचा किल्ला त्यांचा. 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या बाबाजी बल्लाळशाहाचा उल्लेख आहे. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहाकडून चांदा घेतला, तेव्हा कुठे आम्ही 'मराठी'त आलो. त्याआधीचे आम्ही कोण? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात गेला, मुसलमान झाला, परत येऊन १७०२ मध्ये त्याने नागपूर वसवलं. ज्या शहराच्या रस्त्यावर मला रियासतीचा पहिला खंड मिळाला, ते शहर वसवणारा माणूस गोंडही होता आणि मुसलमानही. त्याला मुसलमानी रियासतीत टाकलं तर गोंड सुटतो, बाहेर ठेवलं तर मुसलमान सुटतो. त्याच्यासाठी चौथी पेटी कुणी केली नाही.

माझ्या शाळेत आदिवासी मुलं आहेत. आत्राम, मडावी, कोवे अशा आडनावांची. इतिहासाच्या तासाला मी रियासतीतून काहीही काढून दाखवलं तरी ती शांतपणे ऐकतात, जशी माझ्या शाळेच्या दिवसांत मी ऐकायचो. मला ती शांतता ओळखीची आहे.

भाच्याने शेवटी डबा घेतला. त्यात एक डिस्क फक्त जाहिरातींची आणि मुलाखतींची निघाली, ती सुटी असती तर त्याने घेतलीच नसती. आता म्हणतो, तीच सर्वांत चांगली आहे.

मी घरच्या फळीसाठी 'मुसलमानी रियासत'चे दोन्ही भाग मिळवले. 'ब्रिटिश'चा दुसरा अजून नाही. मात्र जिल्हा गॅझेटिअरच्या बाबतीत मी संचाच्या मागे लागलो नाही. मध्य प्रांताच्या त्या मालेतला १९०९ चा चांदा जिल्ह्याचा खंड तेवढा छापून आणला आणि शिवून घेतला. इंग्रजी जड आहे, साहेबी तोरा पानोपानी आहे, पण गोंड राजांची वंशावळ त्यात आहे. येत्या सत्रात मडावी आणि आत्राम मिळून तिचा मराठीत तक्ता करणार आहेत. कुठल्या कपाटात ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही.